एका दातासाठी तीन दातांचा हिशोब



आज दातांविषयी बोलायचं आहे. पडलेल्या दाताच्या जागी पक्का दात बसवतात, त्याला दवाखान्यात ‘ब्रिज’ म्हणतात. ब्रिज म्हणजे पूल. हा पूल तोंडात कसा बांधतात, कोणाला चालतो, कोणाला चालत नाही, पैसे कसे मोजतात आणि ‘हो, बसवा’ म्हणण्याआधी आपण काय विचारायचं, ते आज बघू.

हा विषय निघाला आमच्या इथं पिंपळनेरला, गटाच्या बैठकीत. एका ताईंनी अंतर्गत कर्जाची मागणी केली. कारण काय लिहायचं विचारलं, तर म्हणाल्या, “दात बसवायचा आहे.” दोघी-तिघी हसल्या. बी-बियाणं, शेळी, मुलांची फी, आजारपण यासाठी कर्ज आपण देतो, पण दातासाठी? कोपऱ्यात बसलेल्या आजी म्हणाल्या, “एक दात गया ते काय व्हस? आमना ते समदाच गयात!” मग तर सगळ्याच हसल्या.

ताई हसल्या नाहीत. त्यांनी तोंड उघडून दाखवलं. खालच्या बाजूला एक नाही, ओळीने तीन जागा रिकाम्या होत्या.

त्यांनी सांगितलं ते असं. दोन वर्षांपूर्वी किडलेली एक दाढ काढली. पुढे बाजारात पेटी मांडून बसलेल्या एका माणसाकडे त्या गेल्या. त्याने ‘लगेच पक्का दात’ म्हणून अर्ध्या तासात दात बसवून दिला. पूड आणि पाणी कालवून केलेला लगदा त्याने शेजारच्या दोन दातांना चिकटवला, वरून बारीक तार बांधली. पैसे थोडेच घेतले. पंधरा दिवस ताई खूश होत्या. मग हिरडी सुजली, रक्त येऊ लागलं, तोंडाला वास यायला लागला. तो लगदा हिरडीत रुतला होता, खाली ब्रश पोचत नव्हता. वर्ष-दीड वर्षात शेजारचे दोन्ही चांगले दात हलायला लागले आणि शेवटी काढावे लागले. गेला होता एक दात, गेले तीन.

त्या दिवशी बैठकीत ठरलं की कर्जाचा निर्णय पुढच्या बैठकीत घेऊ, आधी ही गोष्ट नीट समजून घेऊ. म्हणून आम्ही ताईंबरोबर दंत महाविद्यालयात गेलो, बसून ऐकलं, विचारलं. तिथं जे समजलं ते तुम्हाला सांगतोय.

एक दात गेला तर काय होतं?

आजींच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊ. मोठ्या माणसाच्या तोंडात ३२ दात असतात, चार अक्कलदाढा सोडल्या तर २८. जात्याला जशा खालची आणि वरची अशा दोन तळ्या लागतात, तसं दातांचं आहे. खालच्या दाढेला वरची जोडीदार असते. खालची दाढ गेली की वरची असून नसल्यासारखी होते. तिला खालून आधार राहत नाही, मग ती हळूहळू रिकाम्या जागेत खाली उतरू लागते.

शेजारचे दातही जागेवर राहत नाहीत. एसटीच्या बाकावरून एक बाई उठली की उरलेल्या दोघी कशा सरकून ऐसपैस बसतात, तसे ते फटीकडे कलतात. कललेल्या दाताखाली अन्न अडकतं, तिथं कीड लागते. हे सगळं महिन्याभरात होत नाही, काही वर्षं जातात. दुखत नाही म्हणून लक्षही जात नाही.

मग बाई एकाच बाजूने चावते. कडक भाकरी नको वाटते, ती डाळीत किंवा चहात भिजवून खाते. शेंगदाणे बंद, हरभरे बंद, कच्चा कांदा, काकडी, गाजर बंद. आपण बैठकीत सांगतो, रक्त वाढायला पालेभाजी खा, मोड आलेली कडधान्यं खा, शेंगदाणे-गूळ खा. पण जिला चावताच येत नाही तिने ते कसं खायचं? म्हणून आम्ही आता म्हणतो की दात हा नट्ट्यापट्ट्याचा विषय नाही, तो पोटाचा विषय आहे.

मात्र प्रत्येक रिकामी जागा भरायलाच हवी असं नाही. अक्कलदाढ काढली तर तिथं दात बसवत नाहीत. अगदी मागची एखादी दाढ गेली आणि चावायला अडचण नसेल, तर डॉक्टर कधी कधी ‘राहू द्या’ म्हणतात.

दात जातात कशाने?

मुख्य कारणं दोन. एक कीड, दुसरं हिरड्यांचा आजार. किडलेली दाढ वेळेत भरली, किंवा कीड नसेपर्यंत गेली असेल तर रूट कॅनल केलं, तर ती बरेचदा वाचते. आपण मात्र लवंग, तंबाखू, पेनकिलर असं करत दिवस काढतो आणि शेवटी ‘काढूनच टाका’ म्हणतो. सगळ्यात जास्त बळी जाते ती सहाव्या वर्षी येणारी दाढ. ती दुधाच्या दातांच्या मागे येते, म्हणून आई-बापांना वाटतं हीसुद्धा दुधाचीच, पडेल आणि नवी येईल. ती पडली की परत येत नाही. घरात सहा-सात वर्षांचं लेकरू असेल तर आजच बघा.

हिरडीच्या आजाराला आपल्याकडे खतपाणी घालते ती मशेरी, कुणी मिसरी म्हणतं. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. ती घासली की दुखणं थांबल्यासारखं वाटतं, कारण बधिरपणा येतो. आतून हिरडी खाली सरकते, दाताचं मूळ उघडं पडतं आणि न किडलेला दातही हलायला लागतो. तोंडाच्या कॅन्सरचा धोका असतो तो वेगळाच. सोडायची असेल तर तंबाखू सोडण्यासाठी सरकारची मोफत फोनसेवा आहे, नंबर लिहून घ्या : १८००-११२-३५६.

दोन समजुतींचंही सांगतो. पहिली, ‘बाळंतपणात दात जातातच, बाळ कॅल्शियम ओढून घेतं’. बाळ आईच्या दातातून कॅल्शियम घेत नाही. गरोदरपणात हिरड्या लवकर सुजतात, उलट्यांनी दातांवर आम्ल येतं आणि मळमळ होते म्हणून बाई नीट दात घासत नाही. दात जातात ते त्याने. दुसरी समजूत, ‘वरची दाढ काढली की नजर जाते’. दाताची नस वेगळी, डोळ्याची वेगळी. दाढ काढल्याने नजर जात नाही. या भीतीने सडलेली दाढ तोंडात ठेवण्यात मात्र खरा धोका आहे.

तोंडातला पूल

आता मुख्य गोष्ट. पांझरेवरचा पूल डोळ्यासमोर आणा. मधल्या पाण्यावर आपण चालतो, पण आपला भार कोण घेतं? दोन्ही बाजूंचे खांब. तोंडातला ब्रिज तसाच असतो. दात गेलेल्या जागी हिरडीत काहीही रोवत नाहीत. पुढचा एक आणि मागचा एक असे दोन शेजारी दात खांब होतात. त्या दोघांवर टोप्या बसतात, त्यांना ‘कॅप’ किंवा ‘क्राउन’ म्हणतात. मधला खोटा दात त्या दोन टोप्यांना जोडलेला असतो. म्हणजे एक दात भरायला तीन दातांचा एकसंध तुकडा बनतो. तो सिमेंटने पक्का चिकटवतात. रोज काढायचा-घालायचा नसतो.

टोपी बसायला जागा लागते. म्हणून ते दोन्ही शेजारी दात चहूबाजूंनी घासून बारीक करावे लागतात. मैत्रिणींनो, हे नीट लक्षात घ्या. दाताचं वरचं कडक कवच एकदा घासलं की पुन्हा येत नाही. नखासारखं ते वाढत नाही. शेजारचे दात आधीच किडलेले, भरलेले किंवा रूट कॅनल केलेले असतील, तर त्यांना तशीही टोपी लागणारच असते, मग ब्रिजमध्ये दोन्ही कामं होतात. पण शेजारी दोन्ही दात धडधाकट असतील, तर एकासाठी दोन चांगले दात घासायचे का, हा प्रश्न डॉक्टरांना विचारायलाच हवा. ब्रिज वाईट आहे असं आम्ही म्हणत नाही. लाखो लोकांच्या तोंडात तो वर्षानुवर्षं चालतो. पण पुलाआधी खांब बघायचे, एवढंच.

ही युक्ती नवी नाही बरं का. इटलीत अडीच हजार वर्षांपूर्वी एट्रुस्कन नावाचे लोक राहत. सोन्याच्या पट्टीने शेजारच्या दातांना बांधलेले खोटे दात त्यांच्या थडग्यांत सापडले आहेत. अभ्यासक सांगतात की ते बहुतेक बायकांचे असावेत. म्हणजे बाईने दात बसवणं हे आजचं फॅड नाही.

ब्रिज कसा बसवतात

दात काढल्याबरोबर ब्रिज बसवत नाहीत. जखम भरून हाड आणि हिरडी स्थिर व्हायला साधारण दोन ते तीन महिने जाऊ देतात. घाई केली तर पुढे हिरडी आटते आणि खोट्या दाताखाली फट पडते.

मग एक्स-रे काढतात. त्यात शेजारच्या दातांची मुळं आणि हाड दिसतं. दात साफ करून घेतात. खांब होणाऱ्या दाताची नस खराब असेल तर आधी रूट कॅनल करतात. त्यानंतर इंजेक्शनने जागा बधिर करून दोन्ही दात घासतात. तेव्हा दुखत नाही, मशिनचा आवाज आणि पाण्याचा फवारा तेवढा असतो. मग मऊ लगदा भरलेला साचा तोंडात दाबून माप घेतात. शेजारच्या दातांशी जुळवून रंग ठरवतात. माप प्रयोगशाळेत जातं, तिथं ब्रिज बनतो. तोवर तात्पुरती टोपी लावून देतात. आठ-दहा दिवसांनी ब्रिज आला की आधी नुसता बसवून बघतात, चावायला उंच लागतो का ते तपासतात आणि मग सिमेंटने चिकटवतात. एकूण दोन-तीन चकरा होतात, रूट कॅनल असेल तर आणखी.

इथं आपल्या बायका एक चूक करतात. दात उंच लागत असला तरी लाजेने किंवा गाडीच्या घाईने ‘बरं आहे’ म्हणतात. तसं करू नका. उंच राहिलेला दात प्रत्येक घासाला मार खातो, मग खांबाची दाढ ठणकते. घरी आल्यावर कळलं तरी लगेच परत जा. ते काम पाच मिनिटांचं असतं.

ब्रिज तीन प्रकारचे मिळतात. नुसत्या धातूचा स्वस्त आणि मजबूत, पण चंदेरी दिसतो, म्हणून मागच्या दाढेला चालतो. आत धातू आणि वरून चिनी मातीसारखा पांढरा थर असा दुसरा, तो आपल्याकडे बराच वापरतात. त्याचा वरचा थर कधी कधी उडतो. तिसरा झिर्कोनियाचा, दिसायला छान आणि मजबूत, पण महाग. मागची दाढ कोणाला दिसत नसेल तर महाग प्रकारच हवा असं नाही, हेही विचारून घ्या.

ब्रिज कोणाला चालत नाही?

आमच्या ताईंचं उत्तर इथं आलं. त्यांची मधली दाढ आणि तिच्या पुढचा-मागचा असे तीनही दात गेले होते. मागे अक्कलदाढ नव्हती. म्हणजे एका बाजूचा खांबच नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, “इथं ब्रिज होणार नाही.” दोन वर्षांपूर्वी एकच दात गेला होता तेव्हा तो सहज झाला असता. ताई बराच वेळ गप्प बसल्या.

शेजारचे दात हलत असतील, हिरड्यांचा आजार चालू असेल, ओळीने बरेच दात गेले असतील, तर ब्रिज टिकत नाही. साखरेचा आजार असेल तर आधी साखर आटोक्यात हवी. लहान वयातही दात घासणं टाळतात, कारण दाताची नस तेव्हा मोठी असते. कॉलेजच्या मुलीचा पुढचा दात पडला असेल तर ‘मेरीलँड ब्रिज’ हा प्रकार विचारा. त्यात खोट्या दाताला मागून पातळ पंख असतो, तो शेजारच्या दाताच्या पाठीला चिकटवतात. दात फारसे घासावे लागत नाहीत. चावण्याचा मोठा भार मात्र तो घेत नाही.

गरोदर असाल तर ब्रिजचं काम बाळंतपणानंतर करता येतं. पण दाढ ठणकत असेल, पू असेल तर थांबू नका. डॉक्टरांना महिना सांगा, ते तसा उपचार करतात. रक्त पातळ करायच्या गोळ्या, बीपीच्या गोळ्या चालू असतील तर त्याही सांगा.

ब्रिजशिवाय दोन मार्ग आहेत. एक, काढ-घाल करायची छोटी कवळी. एक-दोन दातांचीही मिळते. ती सगळ्यात स्वस्त, शेजारचे दात घासावे लागत नाहीत. सुरुवातीला तोंडात काहीतरी आहे असं वाटतं, बोलताना अडखळतं, मग सवय होते. रात्री काढून पाण्यात ठेवायची, सकाळी ब्रशने धुऊन घालायची. दुसरा मार्ग इम्प्लांट. हाडात टायटॅनियम धातूचा स्क्रू बसवतात, तो हाडात पक्का व्हायला काही महिने देतात आणि त्यावर दात चढवतात. शेजारच्या दातांना हात लागत नाही, पण खर्च सर्वांत जास्त.

आमच्या ताईंनी कवळी घेतली. गटातल्या दुसऱ्या एका ताईंचा वरचा एक दात गेला होता. शेजारचा एक भरलेला, दुसरा रूट कॅनल केलेला. त्यांना ब्रिज योग्य ठरला. दोघींची गरज वेगळी, उत्तर वेगळं. शेजारणीने बसवला म्हणून मलाही तोच बसवा, असं दाताच्या बाबतीत चालत नाही.

पैशाचा हिशोब

दवाखान्यात ब्रिजचा भाव एका दाताला किती असा सांगतात, त्याला ते ‘युनिट’ म्हणतात. आपण समजतो, आपला एकच दात गेला, म्हणजे तेवढेच पैसे. मग बिल तिप्पट येतं आणि फसवल्यासारखं वाटतं. फसवलेलं नसतं. दोन टोप्या आणि एक दात मिळून तीन युनिट होतात. म्हणून आधीच विचारायचं, “एकूण किती युनिट? एक्स-रे, सफाई, रूट कॅनल धरून सगळे मिळून किती?” आणि ते कागदावर लिहून घ्यायचं.

आता गटाच्या कर्जाचा हिशोब करू. भाव गावोगाव वेगळा असतो, म्हणून हा आकडा फक्त उदाहरणासाठी. समजा एका युनिटचे ३,००० रुपये. तीन युनिटचे ९,०००. गटातून शेकडा दोन रुपये महिना व्याजाने कर्ज घेतलं आणि दर महिन्याला ९०० रुपये मुद्दल फेडलं, तर दहा महिन्यांत फिटतं. पहिल्या महिन्याचं व्याज १८० रुपये, पुढच्या महिन्यात १६२, असं उतरत जातं. सगळं व्याज मिळून ९९० रुपये होतं, आणि तेही गटातच राहतं. नीट काळजी घेतली तर ब्रिज साधारण दहा वर्षं, कधी त्याहून जास्त टिकतो. व्याज धरून ९,९९० रुपये दहा वर्षांवर वाटले तर महिन्याला ८३ रुपये पडतात.

हे आकडे फळ्यावर मांडल्यावर बैठकीत कोणी हसलं नाही. ‘उमेद’च्या दशसूत्रीत आरोग्य हे एक सूत्र आहेच. आम्ही ठरवलं की दाताच्या उपचाराला कर्ज द्यायचं, मात्र डॉक्टरांनी लिहून दिलेला खर्चाचा कागद जोडायचा.

खर्च कमी करायचा एक चांगला मार्ग म्हणजे दंत महाविद्यालय. धुळ्यात एसीपीएम दंत महाविद्यालय आहे, नाशिकला पंचवटीत केबीएच दंत महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी शिकणारे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. खर्च साधारणपणे खासगीपेक्षा कमी येतो, पण वेळ जास्त लागतो, चकरा वाढतात. मजुरी बुडते, तीही हिशोबात धरा. एसटीत १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, तेवढा हातभार. आमच्यापैकी तिघी-चौघी एकाच दिवशी जातो, म्हणजे सोबत होते आणि एकीचं लेकरू दुसरी सांभाळते. दात काढणं, भरणं, सफाई ही कामं दंत डॉक्टर असलेल्या सरकारी रुग्णालयात होतात. जवळच्या रुग्णालयात ते कोणत्या वारी बसतात, हे आशाताईंना विचारा.

बाजारातला दात नको

दंत डॉक्टरांसाठी कायदा आहे. त्यानुसार नोंदणी नसताना दातांचा धंदा करणं गुन्हा आहे. दवाखान्यात डॉक्टरांचं नाव, बीडीएस किंवा एमडीएस ही पदवी आणि नोंदणी क्रमांक लावलेला असतो, तो बघा. ब्रिज आणि कवळीच्या कामात खास शिकलेले एमडीएस डॉक्टरही असतात. नुसत्या पाण्यात बुडवून दुसऱ्याच्या तोंडात घातलेल्या सुईने आणि हत्याराने कावीळ बी, कावीळ सी आणि एचआयव्ही पसरू शकतात. हत्यारं निर्जंतुक केलेली, पाकिटातली आहेत का, हे विचारायला लाजू नका.

ओळखायची सोपी खूण सांगतो. एक्स-रे नाही, माप नाही, प्रयोगशाळा नाही, आणि अर्ध्या तासात पक्का दात? तो ब्रिज नव्हे. तिथून उठून या.

बसवल्यानंतर

खोट्या दाताला कीड लागत नाही, पण टोपीखालच्या खऱ्या दाताला लागते. कीड टोपीच्या कडेने शिरते. म्हणून दोन वेळा ब्रश, आणि रात्रीचा कधीच चुकवायचा नाही. मधल्या खोट्या दाताच्या खाली थोडी फट असते. तिथं अन्न बसतं. त्यासाठी बाटली धुवायच्या ब्रशसारखा पण अगदी बारीक ब्रश मिळतो, किंवा टोक कडक असलेला खास दोरा मिळतो. तो कसा फिरवायचा हे दवाखान्यातच आरशासमोर करून दाखवायला सांगा. पिन, सुई, काडी घालू नका.

पहिला दिवस त्या बाजूने कडक काही चावू नका. काही दिवस थंड-गरम झोंबतं, मग थांबतं. सुपारी फोडणं, दाताने पिशवीची गाठ सोडणं, उसाचं कांडं सोलणं हे त्या दातांनी कायमचं बंद. सहा महिन्यांनी एकदा दाखवून या.

आणि ब्रिज निघाला तर? घाबरू नका. धुऊन डबीत ठेवा आणि एक-दोन दिवसांत डॉक्टरांकडे न्या. बरेचदा तोच परत बसतो. घरातल्या फेविक्विकने चिकटवू नका. तो तोंडात घालायचा पदार्थ नाही, शिवाय वाकडा चिकटला तर आतला दात जातो.

वहीत लिहून घ्या

शेवटी पाच प्रश्न सांगतो. आम्ही ते गटाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिलेत.

एक, माझे शेजारचे दात आणि हिरड्या ब्रिजला पुरतील इतक्या मजबूत आहेत का?

दोन, ते दात चांगले असतील तर ते न घासता दुसरा काही मार्ग आहे का?

तीन, एकूण किती युनिट, आणि सगळा खर्च धरून किती रुपये?

चार, किती चकरा लागतील?

पाच, खालून साफ कसं करायचं, ते मला करून दाखवाल का?

पुढच्या बैठकीत बचत गोळा झाली की एक काम करा. प्रत्येकीला विचारा, “तू कोणत्या बाजूने चावतेस?” जी म्हणेल ‘एकाच बाजूने’, तिचं नाव लिहून ठेवा आणि तिला एकटीला पाठवू नका, सोबत जा. आमच्या बैठकीत हा प्रश्न विचारला तेव्हा अठ्ठावीस दातांची आशा सोडलेल्या त्याच आजींनी सगळ्यात आधी हात वर केला. म्हणाल्या, “मना बी नाव लिखी ल्या.” माझंही नाव लिहून घ्या.

आम्ही लिहून घेतलं.